ज्वारीचा थर

शैलजा चौगुलेला नवऱ्याची लबाडी कळली ती तो गेल्यावर चार वर्षांनी, आणि तीही शेजारणीच्या भिंतीतून.

मुलुंड पूर्वेच्या 'शतपर्णी' सोसायटीचा पुनर्विकास ठरला होता. आता यात नवल काय? गल्लीतल्या सगळ्याच जुन्या इमारतींचं तेच चाललं होतं, जिकडे बघाल तिकडे हिरव्या जाळ्या आणि क्रेन. पण शतपर्णीची योजना जरा निराळी होती. स्टेशनजवळची मोक्याची जागा, म्हणून खालचे नऊ मजले दुकानांना आणि ऑफिसांना, आणि त्याच्या वर राहायची घरं. ती घरं सगळ्यांना पुरणार नव्हती. मग नवा कायदा पुढे आला. जो खरोखर राहिला त्याला जागच्या जागी घर. ज्याने नुसतं कुलूप लावून अडवून ठेवलं त्यालाही तेवढंच घर, पण शहापूरच्या पलीकडे, माळावरच्या वसाहतीत. गेल्या वीस वर्षांत एका वर्षाहून मोठा खंड दिसला, की चला शहापूरला.

आणि कोण राहिलं, कोण नाही, हे ठरवायचं कुणी? विजेची बिलं, गॅसची पुस्तकं, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं, यातलं काहीही हवं तसं तयार करण्यात आपली माणसं वस्ताद. तेव्हा सरकारने माणसांना विचारायचं सोडलं आणि भिंतींना विचारायला सुरुवात केली.

हे श्वास-वाचन म्हणजे काही जादूटोणा नव्हे. सिमेंटच्या गिलाव्यात चुना असतो. माणूस श्वास सोडतो त्यातला कार्बन डायऑक्साइड या चुन्यात मुरतो आणि त्याचा दगड होतो, वरून आत, वर्षाला केसाएवढा. इंजिनिअर मंडळी या मुरण्याला पिढ्यान् पिढ्या शिव्या देत आली, कारण तो खोल गेला की आतल्या सळ्या गंजतात. पुढे कुणाला तरी सुचलं, की हा दगड थरांनी बनत असेल तर त्यात वर्षंही सापडतील. भिंतीतून अंगठ्याएवढा तुकडा काढायचा, त्यावर लेसर फिरवायचा, आणि कोणत्या वर्षी त्या खोलीत किती जण श्वास घेत होते ते वाचायचं.

इतक्यावर भागलं असतं तर शैलजाचं काही बिघडलं नसतं. पण यंत्राला आणखीही एक कळायचं. कार्बन दोन वजनांचा असतो, हलका आणि जड. भाताचं आणि गव्हाचं रोप जड कार्बन घ्यायला कुरकुरतं. ज्वारी, बाजरी, ऊस तेवढे चोखंदळ नाहीत, येईल तो घेतात. जे रोपात ते दाण्यात, आणि जे दाण्यात ते खाणाऱ्याच्या श्वासात. चहातली साखर तेवढी वजा केली, की भात खाणारा आणि भाकरी खाणारा भिंतीत वेगवेगळे ओळखू येतात.

सूचनाफलकावर वाचनाचा कागद लागला तेव्हा शैलजा भाजी घेऊन येत होती. सत्तावीस घरं, सत्तावीस ओळी. तिने आधी आपली ओळ शोधली. 'घर क्रमांक अकरा, चौगुले. दिवाणखान्यात तेलरंगामुळे वाचन अशक्य. स्वयंपाकघराच्या छतावरून पात्र.' तिला हायसं वाटलं. दर तिसऱ्या दिवाळीला ती हट्टाने तेलरंग काढून घ्यायची, भिंती कशा लखलखीत हव्यात. मग सवयीने नजर समोरच्या घरावर गेली.

'घर क्रमांक बारा, कुमारी चारुशीला प्रभू. दिवाणखाना. भात-श्वास, एक व्यक्ती, दिवसाला चार ते पाच तास. ज्वारी-श्वास, एक व्यक्ती, दिवसाला तीन ते चार तास, एकूण सुमारे तीन वर्षं.'

तिने ते दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

शतपर्णीत ज्वारी खाणारं घर एकच होतं. धनाजी चौगुले गडहिंग्लजचा गडी, पानात भाकरी नसली तर जेवलोच नाही म्हणणारा. बाकी सगळी कोकणातली, नाहीतर गुजराती, भात-पोळीवाली. चारुशीला तर वेंगुर्ल्याची, शाळेत चित्रकला शिकवणारी, लग्नाच्या भानगडीत न पडलेली. आणि धनाजी निवृत्त झाल्यापासून रोज जेवून दोन वाजता बाहेर पडायचा. डोक्याला टोपी, काखेत वर्तमानपत्र. वाचनालयात जातो म्हणायचा. साडेपाचला हजर. दोन ते साडेपाच किती झाले, हे शैलजाने फलकासमोर उभं राहून बोटांवर मोजलं. पिशवीतली मेथी तोवर खाली सांडली होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

आता मत्सराचं कसं असतं बघा. नवरा जिवंत असता तर दोन शब्द सुनावता आले असते, रुसता आलं असतं, चार दिवस बिनमिठाची आमटी वाढता आली असती. मेलेल्या माणसाचं काय करणार? फोटोतला धनाजी हार घालून शांत बघत होता. तिने हार काढला. अर्ध्या तासाने परत घातला, कारण संध्याकाळी मुलगी व्हिडिओ कॉल करणार होती.

मग एकेक आठवायला लागलं. गणपतीत फलकावर चारुशीला सूचना लिहायची, तेव्हा धनाजी म्हणाला होता, "प्रभूबाईंचं अक्षर बघ, छापल्यासारखं." छापल्यासारखं! बेचाळीस वर्षांत शैलजाच्या कशाला तो असं काही म्हणाला होता? भाकरीला म्हणाला असेल कधी. चारूच्या त्या खळ घातलेल्या सुती साड्या, ते हळू बोलणं, दारात भेटली की मान किंचित कलती करून "काय वहिनी" म्हणणं, सगळं शैलजाच्या डोळ्यांत खुपायला लागलं. गॅलरीतून तिला समोरच्या घराची खिडकी दिसायची. आत चारू कुंड्यांना पाणी घालत होती, अडुसष्टाव्या वर्षीही कमरेत न वाकता. शैलजाला वाटलं, जावं आणि तिच्या झिंज्या उपटाव्यात.

सगळ्यात जास्त झोंबलं ते निराळंच. आपल्या घरातल्या भिंतींनी तेलरंगामुळे धनाजीचा एक श्वासही ठेवला नव्हता. ज्या घरात तो घोरला, खोकला, शेवटचा श्वास घेतला, तिथं काही नाही, आणि स्वयंपाकघरात तर तो कधी फिरकलाच नव्हता. आणि समोरच्या घरात, साध्या चुन्याच्या भिंतीत, तो तीन वर्षांचा साठून राहिलेला. असली वाटणी कुठल्या बाईला सहन होईल?

तिने आक्षेप लिहिला. कायद्याने सभासदांना पंधरा दिवसांची मुदत होती. 'घर क्रमांक बारामधील ज्वारी-श्वास हा तिथे राहणाऱ्या व्यक्तीचा नसून त्रयस्थ व्यक्तीचा आहे. तो वजा करावा.' कुणाचा ते तिने लिहिलं नाही, तेवढी लाज शिल्लक होती. सेक्रेटरी कर्णिकांनी कागद घेतला, वाचला आणि मिशीतल्या मिशीत हसले. एक घर शहापूरला गेलं की वरच्या मजल्याची निवड करायला एक माणूस कमी, हे त्यांचं गणित सगळ्यांना ठाऊक होतं. ते एवढंच म्हणाले की वहिनी, तुम्ही कर्तव्य केलंत. त्यांच्या तोंडून ते ऐकताना तिला कसंतरीच झालं, पण कागद तिने मागे घेतला नाही.

सुनावणी पार्किंगमधल्या सोसायटीच्या ऑफिसात झाली. वाचन-अधिकारी म्हणून आलेली अनुजा गावित तिशीतली मुलगी होती, नवापूरकडची, शांत डोळ्यांची. तिने भिंतीवर पडदा सोडला आणि घर क्रमांक बाराचा वर्षवार आलेख लावला. फलकावर नुसती बेरीज होती, आलेख कुणीच पाहिला नव्हता. भाताचा निळा पट्टा वर्षानुवर्षं सरळ चालला होता. दोन हजार एकोणतीसमध्ये तो एकदम तुटला. जिथं निळा तुटला तिथंच ज्वारीचा भगवा सुरू झाला, आणि बत्तीसमध्ये निळा परत आला तसा भगवा संपला. दोन्ही पट्टे एकमेकांवर कुठेही चढले नव्हते.

"म्हणजे हे दोघं या खोलीत कधीच एकत्र नव्हते," गावितबाई म्हणाली. "एक गेलं तेव्हा दुसरं आलं."

एकोणतीस ते बत्तीस. चारूची आई अंथरुणाला खिळली होती ती हीच वर्षं. चारू शाळेतून बिनपगारी रजा घेऊन वेंगुर्ल्याला गेली होती, हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, आणि या वाचनाचं निघाल्यापासून सगळे त्याबद्दल मूग गिळून बसले होते. रागाच्या भरात शैलजाला वर्षांचा विचारच सुचला नव्हता. घरात बाई नव्हतीच. मग धनाजी तिथं करत काय होता?

कर्णिक लगेच सरसावले. भगवा पट्टा त्रयस्थाचा धरला तर तीन वर्षांचा खंड पडतो, तेव्हा नियमाप्रमाणे प्रभूबाईंनी शहापूरला जावं, असं त्यांचं म्हणणं. चारुशीला खुर्चीत ताठ बसली होती. तिने शैलजाकडे बघितलं. गावितबाईने विचारलं की आक्षेप घेणाऱ्या सभासदांना तो श्वास कुणाचा ते सांगता येईल का. शैलजाने दहा मिनिटं मागितली, आणि चारूच्या दंडाला धरून तिला जिन्यात नेलं.

"खरं सांग. किल्ली तू दिली होतीस?"

चारूने मान डोलावली. कुंड्यांना पाणी घालण्यासाठी दिली होती, म्हणाली. तिला वाटलं होतं चौगुलेदादा आठवड्यातून दोनदा जातील. ती मधे एकदा अचानक आली तेव्हा ते गॅलरीजवळच्या भिंतीला खुर्ची टेकून बसलेले. पेपरसुद्धा वाचत नव्हते. मग त्यांनीच सांगितलं, रोज लिफ्टने खाली जायचे, वहिनींना गॅलरीतून दिसेल असे फाटकापर्यंत चालायचे, आणि मागच्या जिन्याने वर येऊन तिच्या दारातून आत शिरायचे.

"आणि काय करायचे?"

"काही नाही. मीही विचारलं, दादा, इथं बसून काय मिळतं? तर म्हणाले, 'इथं मला कुणी काही विचारत नाही.'"

शैलजा पायरीवर बसली. बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटून गेलं. बाईशी भांडता तरी आलं असतं. गोळी घेतली का, कुणाचा फोन होता, चहा टाकू का, पंखा कमी करू का, दात दुखतोय ना, मग बोलत का नाही, गप्प का आहात. बेचाळीस वर्षं ती विचारत आली होती, कारण माया करायची दुसरी रीत तिला येत नव्हती. आणि तो माणूस त्या विचारण्यातून पळून एका रिकाम्या घरात जाऊन बसत होता, तेही टोपी घालून फाटकापर्यंतचं नाटक करून. रिकाम्या खोलीचा मत्सर! कुणाला सांगितलं तर हसतील.

"मी परत आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं," चारू म्हणाली, "शाळेच्या वेळात येऊन बसू का म्हणून. मी नाही म्हटलं. लोक काय म्हणतील याची भीती वाटली. त्यानंतर ते खरंच वाचनालयात जायला लागले."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगणार, वहिनी?"

आत कर्णिकांचा आवाज येत होता. शैलजाच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम उभ्या राहिल्या. खरं बोललं तर मरणाऱ्या आईची सेवा करायला गेलेली ही बाई माळावर जाऊन पडणार. आणि खरं बोललं तर सत्तावीस घरांना कळणार, की चौगुल्याला स्वतःच्या घरात बसवत नव्हतं. नवऱ्याचं शेजारणीशी काही होतं, हे लोकांनी म्हटलेलं तिने एकवेळ सोसलं असतं. हे मात्र नाही. यातली कोणती गोष्ट तिला जास्त टोचली हे मी सांगणार नाही. दोन्ही टोचल्या, आणि ती उठली.

"तो श्वास चारूचाच आहे," ती आत येऊन म्हणाली. "डॉक्टरांनी तेव्हा तिचा भात बंद केला होता. तीन वर्षं तिच्या भाकऱ्या मी थापल्या."

कर्णिक खुर्चीतून अर्धे उठले. मग हा आक्षेप कशाला लिहिला, हे त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. शैलजा म्हणाली की रागाने लिहिला, चारूच्या पाहुण्यांनी आमच्या पार्किंगमध्ये गाडी लावली होती. यावर मात्र कुणीच शंका घेतली नाही. पार्किंगवरून शतपर्णीत याहून वाईट गोष्टी झाल्या होत्या, दोन सख्खे भाऊ कोर्टात गेले होते. कर्णिकांनी मग वेंगुर्ल्याचं काढलं, प्रभूबाई त्या काळात गावी होत्या असं सगळेच सांगतील म्हणाले. गावितबाईने त्यांना थांबवलं. तोंडी साक्षी नकोत म्हणूनच तर भिंत वाचायची, आणि या बाईंचं म्हणणं निदान तपासून बघता येतं. प्रत्येक शरीराची छटा थोडी निराळी असते. प्रभूबाईंनी महिनाभर ज्वारी खाऊन श्वास द्यावा, भिंतीतल्या छटेशी जुळवून बघू.

"जुळायची मर्यादा तशी बरीच सैल आहे," ती कागद आवरता आवरता म्हणाली. मग शैलजाकडे वळून तिने विचारलं, पीठ ताजं दळून आणता ना? शिळ्या पिठाला चिकटपणा राहत नाही, माझी आई म्हणते. शैलजाने हो म्हटलं. मुलगी काय समजली आणि काय नाही, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

झालं! ज्या बाईच्या झिंज्या उपटायच्या होत्या, तिच्यासाठी शैलजा रोज दोन्ही वेळ परातीसमोर बसायला लागली. भाकऱ्या फडक्यात गुंडाळून समोर घेऊन जायची आणि चारू खाईपर्यंत उठायची नाही, कारण ही भाताची बाई मागून गुपचूप पेज करून पिईल असा तिला संशय होता. चारूचा जबडा दुखायचा. तीन दिवस तिचं पोट बिघडलं. ती बिचारी पाण्याच्या घोटाबरोबर तुकडे ढकलायची आणि वर म्हणायची, छान झाली आहे. शैलजाला ते "छान" ऐकूनही राग यायचा. धनाजी बसायचा त्याच जागी ती बसायची, भिंतीला पाठ लावून. तुकडा काढलेलं भोक तिच्या डोक्याशी यायचं. महिन्याने श्वास दिला आणि तो जुळला. चारुशीला प्रभूच्या नावापुढे 'पात्र' असा शिक्का पडला, आणि कर्णिकांनी तिला बाराव्या मजल्याऐवजी दहावा कसा चांगला ते समजावून बघितलं.

इमारत रिकामी करायला पंधरवडा उरला होता. चारू भाड्याचं घर बघायला आणि वेंगुर्ल्याचं दार एकदा उघडून यायला आठ दिवस गेली. एक किल्ली तिने शैलजाकडे दिली. कुंड्या अजून तिथंच होत्या.

पहिल्या दिवशी शैलजा पाणी घालून परत यायला निघाली आणि सहज बसली. दुपारचे दोन वाजले होते. मुलीचा फोन वाजला तो आपल्या घरात, दोन दारांपलीकडे, आणि तो वाजून थांबला. मोलकरणीने बेल दाबली आणि ती निघून गेली. कुणाला कळलंच नाही ती कुठं आहे. तिला रडायला येईल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. ती नुसती बसली. साडेपाच कधी वाजले कळलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जेवून, भांडी तशीच टाकून, पावणेदोनला आली. तिसऱ्या दिवशी तिने फोन मुद्दाम घरी ठेवला. आपल्याला कुणी काही विचारत नाही, आणि आपल्यालाही कुणाला काही विचारायचं नाही, हे इतकं गोड असतं हे तिला सदुसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. धनाजीला ठाऊक होतं. त्याने हे एकट्याने भोगलं, तिला न सांगता. तो जुना मत्सर परत उठला, आणि या वेळी तो कुणा बाईचा नव्हता, की खोलीचाही नव्हता. त्याला तीन वर्षं मिळाली होती. तिच्या वाट्याला आठ दिवस, त्यातले सहा संपले होते.

चारू एक दिवस आधीच परतली. स्वतःच्याच घराचं दार तिने स्वतःच्या किल्लीने उघडलं, आणि भिंतीशी बसलेल्या शैलजाने तिच्याकडे असं बघितलं, जसं आगाऊ पाहुण्याकडे बघतात. चारू उंबऱ्यातच थांबली. मग बॅग खाली ठेवून आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

"चारू," शैलजाने हाक मारली. "नव्या घराची एक किल्ली मला देशील?"

मग चारू ओला हात पदराला पुसत दारात आली.

"देईन. मागे एकदा नाही म्हटलं, ते अजून मनाला लागून आहे. तुम्ही कधीही या, वहिनी. मी घरात असले तरी या."

शैलजाने प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही," ती म्हणाली. "तू नसताना येईन."